गुन्हेपीडितांचे मानवी हक्क : कायदा आणि आपले कर्तव्य

पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात एखादा फौजदारी खटला पुकारला जातो तेव्हा 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे नाव उच्चारले जाते. एका बाजूस राज्य आणि दुसऱ्या बाजूस आरोपी, अशी ही मांडणी असते. ज्याचे डोके फुटले, ज्याचे घर जळले, जिच्यावर अत्याचार झाला, त्या व्यक्तीचे नाव या पुकाऱ्यात नसते. तिची साक्ष लागेल त्या दिवशी तिला समन्स येते. साक्ष संपली की तिचे काम संपले, असे सर्वजण गृहीत धरतात.

या मांडणीमागे एक विचार आहे आणि तो चुकीचा नाही. गुन्हा हा केवळ एका व्यक्तीविरुद्ध नसून संपूर्ण समाजाविरुद्ध असतो, म्हणून त्याचा जाब विचारण्याची जबाबदारी राज्याने स्वतःकडे घेतली. सूडाच्या जागी न्याय आला, ही मानवी संस्कृतीची प्रगतीच होय. परंतु ही जबाबदारी घेताना राज्याने पीडिताचा खटलाही आपल्या हाती घेतला, आणि पीडित मात्र न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येणारी माणसे आम्ही अनेक वर्षे पाहत आहोत. अशाच एका मातेने आम्हांस सांगितले होते की, आपल्या मुलाला मारहाण करणारा आरोपी जामिनावर सुटला हे तिला कोणी कळविले नाही. सकाळी पाणी भरताना तो गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला, तेव्हा तिला ते समजले. त्यानंतर तिने मुलाला साक्ष देऊ नकोस असे सांगितले. तिचा हा निर्णय भित्रेपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तिला जे कळविणे राज्याचे कर्तव्य होते ते कळविले गेले नाही, आणि तसे कळविले जाणे हा आपला हक्क आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हे हक्क कोणते, ते कोठून आले आणि ते कसे मागावयाचे, हे आमच्या वाचकांस स्पष्ट व्हावे.

आंतरराष्ट्रीय भूमिका

मानवी हक्क म्हटले की आपल्यासमोर प्रथम आरोपीचे आणि बंदिवानाचे हक्क येतात. ते तसे येणे स्वाभाविक आहे, कारण राज्याच्या सत्तेपुढे तो एकटा असतो. तथापि मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने १९४८ सालीच, आपल्या आठव्या अनुच्छेदात, मूलभूत हक्कांचे उल्लंघन झालेल्या प्रत्येकास परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क मान्य केला. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदात हेच बंधन राज्यांवर घातले आहे. भारताने हा करार १९७९ साली स्वीकारला. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार भारताने १९६८ सालीच मान्य केला होता. त्याच्या सहाव्या अनुच्छेदात भेदभावाने पीडित झालेल्यांस दाद व भरपाई देण्याची तरतूद आहे. त्या करारावरील समितीने २००२ साली असे स्पष्ट केले की, वंशपरंपरेवर आधारित भेदभावात जातिभेदाचाही समावेश होतो.

पीडितांचा स्वतंत्र विचार करणारा महत्त्वाचा दस्तऐवज मात्र १९८५ सालचा आहे. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्याचे आणि सत्तेच्या गैरवापराचे बळी ठरलेल्यांना न्याय देण्याच्या मूलतत्त्वांचा जाहीरनामा संमत केला. त्यात चार गोष्टी प्रमुख आहेत : न्यायापर्यंत पोहोचण्याची सोय व सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून नुकसानीची फेड, ती पुरेशी नसेल तर राज्याकडून भरपाई, आणि वैद्यकीय, मानसिक व सामाजिक साहाय्य. खटल्यात काय चालले आहे हे पीडितास कळविले पाहिजे आणि त्याच्या हिताशी संबंध येईल अशा टप्प्यावर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, मात्र त्यामुळे आरोपीच्या हक्कांस बाध येता कामा नये, असेही त्यात म्हटले आहे.

या जाहीरनाम्यातील पीडिताची व्याख्या आम्हांस विशेष मोलाची वाटते. गुन्हेगार सापडला की नाही, त्याला शिक्षा झाली की नाही, यावर कोणाचे 'पीडित' असणे अवलंबून नाही, असे ती सांगते. जखम झाली ही वस्तुस्थिती आहे. ती कोणी केली हे सिद्ध झाले नाही म्हणून जखम खोटी ठरत नाही. या एका विचाराचे महत्त्व पुढे हडपसरच्या खटल्याच्या संदर्भात दिसून येईल.

आपल्या देशातील पूर्वपीठिका

हा विचार केवळ परदेशातून आला असे मानण्याचे कारण नाही. मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० साली सादर झालेल्या अहवालात या समितीने सार्वजनिक सोयींचा वापर करण्याचे हक्क मिळवून देण्याचे उपाय सुचविले, आणि त्याचबरोबर एक स्पष्ट कबुलीही दिली. हक्क कागदावर दिले तरी ते बजावताना दोन अडथळे येतील, असे तिने म्हटले. पहिला उघड हिंसेचे भय, कारण प्रत्येक गावात हा वर्ग अल्पसंख्य आणि विरोधक बहुसंख्य असतात. दुसरा आर्थिक परावलंबन, कारण ज्याच्या शेतात मजुरी करावयाची त्याच्याच विरुद्ध फिर्याद द्यावयाची असते. तक्रार करणाऱ्यावर संपूर्ण गाव बहिष्कार टाकू शकते, हेही समितीने नोंदविले.

हे निरीक्षण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे. पीडिताला संरक्षण, उपजीविका आणि पुनर्वसन न देता त्याच्याकडून केवळ साक्षीची अपेक्षा करणारा कायदा निष्फळ ठरतो, असा त्याचा अर्थ आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या योजनेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा अशी मागणी केली, आणि १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ती पुन्हा मांडली. संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना, संविधानाचे सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे विचारल्यास आपण न्यायालयाकडे थेट दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या कलमाचेच नाव घेऊ, असे त्यांनी सांगितले. तेच आजचे ३२ वे कलम होय. दाद मागता येत नसेल तर हक्क निरर्थक आहे, हा त्यांच्या संपूर्ण कायदेविषयक विचाराचा गाभा होता.

खैरलांजीचा धडा

स्टार्ट समितीने वर्तविलेले भय किती खरे होते, हे २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावाने दाखविले. तेथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. केवळ कुटुंबप्रमुख त्या वेळी घरी नसल्याने वाचला. या घटनेचा क्षोभ महाराष्ट्रभर उसळला आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने एक तपशील फारसा ध्यानात घेतला जात नाही.

हत्याकांडापूर्वी, त्याच महिन्याच्या आरंभी, या कुटुंबाच्या एका परिचिताला मारहाण झाली होती. कुटुंबातील स्त्रियांनी त्या प्रकरणात साक्षीदार म्हणून आरोपींची ओळख पटविली. आरोपींना अटक झाली, २९ सप्टेंबर रोजी ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी सायंकाळी हल्ला झाला. नागरिकाने कायद्याला साहाय्य केले होते, पण आरोपी सुटून गावात परत येत असताना त्या घराभोवती कायद्याचे कोणतेही संरक्षण नव्हते.

पुढे २००८ साली भंडारा येथील सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठरविली. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील आरोप मान्य केला नाही. हत्या जातीच्या कारणावरून झाली हे सिद्ध होत नाही, असे मानले गेले. ज्या समाजाने या घटनेत जातीशिवाय दुसरे काही पाहिले नव्हते, त्याला हा निष्कर्ष जिव्हारी लागला. त्यातून दोन गोष्टी शिकावयास हव्यात. पहिली ही की, जातीसंबंधीची वस्तुस्थिती पहिल्या फिर्यादीपासून नोंदली गेली नाही तर पुढे ती सिद्ध करणे अतिशय कठीण होते. दुसरी ही की, जामिनाची वेळ ही पीडिताच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वेळ असते.

कलम १५-अ : पीडिताच्या हक्कांची सनद

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ साली झाला आणि त्याचे नियम १९९५ साली आले. मूळ कायद्याचा भर गुन्ह्यांची यादी आणि शिक्षा यांवर होता. संसदेने २०१५ साली त्यात व्यापक दुरुस्ती केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. गंभीर गुन्ह्यांत जातीच्या 'कारणावरून' या अटीऐवजी, पीडित अनुसूचित जातीचा वा जमातीचा आहे हे आरोपीला 'ठाऊक असणे' पुरेसे ठरले. सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला. गोलमेज परिषदेत मागितलेली गोष्ट अशा रीतीने सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी या कायद्यात आली. आणि 'पीडित व साक्षीदारांचे हक्क' असे एक नवे प्रकरण जोडले गेले. त्यातील कलम १५-अ प्रत्येक विहारात मोठ्या अक्षरांत लावावे असे आम्हांस वाटते. त्याचा सारांश पुढीलप्रमाणे.

पीडित, त्याचे अवलंबित आणि साक्षीदार यांना धमकी, दडपण, प्रलोभन व हिंसा यांपासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्यांना सन्मानाने वागविले पाहिजे. जामिनाच्या अर्जासह न्यायालयातील प्रत्येक कामकाजाची सूचना त्यांना वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलाची अथवा शासनाची आहे. जामीन, दोषमुक्ती, सुटका, पॅरोल, दोषसिद्धी व शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर पीडिताचे म्हणणे ऐकले जाण्याचा त्याला हक्क आहे. तपास व खटल्याच्या काळात प्रवासखर्च व निर्वाहखर्च, सामाजिक व आर्थिक पुनर्वसन, आणि आवश्यक असल्यास दुसरीकडे स्थलांतर, या गोष्टीही हक्क म्हणून सांगितल्या आहेत. कामकाजाचे चित्रमुद्रण व्हावे असेही या कलमात म्हटले आहे. शेवटी, पीडिताला सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्था वा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क आहे. या शेवटच्या तरतुदीमुळे आपल्या संस्थांना पीडितासोबत उभे राहण्याचा कायदेशीर आधार मिळाला आहे.

या तरतुदी केवळ सदिच्छा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हरिराम भांभी विरुद्ध सत्यनारायण या राजस्थानातील खटल्यात स्पष्ट केले. पीडिताला सूचना न देता दिलेला जामीन न्यायालयाने रद्द केला आणि सूचना देणे व म्हणणे ऐकणे या दोन्ही गोष्टी बंधनकारक असल्याचे सांगितले. आरंभी उल्लेखिलेल्या मातेला जे मिळाले नाही ते हेच होते.

भरपाईची तरतूदही येथे समजून घ्यावयास हवी. १९९५ च्या नियमांखाली, २०१६ साली सुधारलेल्या परिशिष्टानुसार, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य ठरले आहे. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यावयाची असते. म्हणजे ती निकालासाठी थांबवून ठेवता येत नाही. याखेरीज मृताच्या पत्नीस वा अवलंबितांस दरमहा मूळ पाच हजार रुपये व त्यावर महागाई भत्ता असे निवृत्तिवेतन, एका व्यक्तीस नोकरी, मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण आणि तीन महिन्यांचे धान्य यांचीही तरतूद आहे. पुष्कळ कुटुंबांना पहिला धनादेश मिळाला की सर्व संपले असे वाटते. पुढचे हक्क न मागितल्यामुळेच बुडतात.

कायद्याभोवतीचा वाद

या कायद्याचा दुरुपयोग होतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. सातारा जिल्ह्यातील कराड येथील एका शासकीय महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील शेऱ्यांवरून झालेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी अशी बंधने घातली. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद पाळला गेला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ही बंधने दूर केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने फेरविचारात आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरविले.

खोटी फिर्याद कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते, आणि ती आपण करू नये व कोणाला करू देऊ नये, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. अशी एक फिर्याद शंभर खऱ्या पीडितांचा विश्वास हिरावून घेते. परंतु आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, हे समीकरण मान्य करता येणार नाही. साक्षीदार फुटला, तपास उशिरा झाला, जातीचा दाखला जोडला गेला नाही, अशा कारणांनीही आरोपी सुटतात. त्याचा दोष पीडिताच्या माथी मारणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पीडा देणे होय.

सर्वांसाठी असलेला कायदा : पुण्यातील दोन घटना

पीडितांच्या हक्कांचा विचार केवळ आपल्या समाजापुरता ठेवला तर तो मानवी हक्कांचा विचार राहणार नाही. आमच्याच शहरातील दोन घटना पाहू.

२ जून २०१४ च्या रात्री हडपसर येथे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका मुस्लिम तरुणाचा जमावाने मारहाण करून खून केला. समाजमाध्यमावरील ज्या मजकुरावरून शहरात तणाव होता त्याच्याशी या तरुणाचा काही संबंध नव्हता. विशेष सरकारी वकील मध्येच खटल्यातून बाजूला झाले. निकाल येण्यापूर्वीच तरुणाच्या वडिलांचे निधन झाले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. खून झाला याविषयी शंका नव्हती. तो कोणी केला हे मात्र न्यायालयात सिद्ध झाले नाही. अशा कुटुंबाने कोणाकडे पाहावे?

१९८५ च्या जाहीरनाम्यातील व्याख्या येथे उपयोगी पडते, आणि आपल्या कायद्यानेही ती काही अंशी स्वीकारली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आले. त्यानुसार आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तरी पीडिताला राज्याच्या निधीतून भरपाई मिळू शकते. त्याच दुरुस्तीने निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला दिला. यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे हक्क अनुक्रमे कलम ३९६ आणि ४१३ मध्ये आहेत. या संहितेने आणखी काही गोष्टी दिल्या आहेत. गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळविली पाहिजे. शासनाला खटला मागे घ्यावयाचा असेल तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय तशी परवानगी देऊ शकत नाही. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अॅसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिची कमाल मर्यादा पुढे दहा लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली.

दुसरी घटना १९ मे २०२४ च्या पहाटेची. कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला, आणि त्याच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. लोकक्षोभ झाला आणि तीन दिवसांत त्या आदेशाचा फेरविचार होऊन मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याची तेथून सुटका केली. मूल मग ते कोणाचेही असो, त्याला कायद्याने दिलेले संरक्षण मिळालेच पाहिजे. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. मृतांच्या आईवडिलांचे दुःख विचारात घेतले जाण्यासाठी संपूर्ण देशाचा क्षोभ का लागावा? ज्याच्या मृत्यूची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते, त्या मजुराच्या कुटुंबामागे असा क्षोभ कोण उभा करणार? हक्क आणि उपकार यांतील भेद नेमका येथे आहे. हक्क हा क्षोभावर, ओळखीवर वा वर्तमानपत्रावर अवलंबून असता कामा नये.

करुणा आणि न्याय

येथे एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे. आपला धम्म अवैर आणि करुणा शिकवितो, मग पीडिताने न्यायालयात जाणे, अपील करणे, भरपाई मागणे हे त्याशी विसंगत नाही काय, असे काही उपासक आम्हांस विचारतात.

अंगुलिमालाची कथा सर्वांस ठाऊक आहे. तथागतांनी त्या लुटारूस संघात घेतले, ही गोष्ट आपण गौरवाने सांगतो. परंतु विनयपिटकाच्या महावग्गातील पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. भिक्षूच्या वेशातील अंगुलिमालाला पाहून लोक घाबरत, दचकत, पळून जात, आणि असा माणूस संघात कसा, अशी तक्रार करीत. ती तक्रार तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी लोकांस भित्रे म्हटले नाही. कुप्रसिद्ध चोरास यापुढे प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्यांनी केला. गुन्हेगाराच्या परिवर्तनावर विश्वास आणि भयग्रस्तांच्या भयाची दखल, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. करुणा ही केवळ अपराध्यासाठी राखून ठेवावयाची वस्तू नाही.

बाबासाहेबांचे आचरणही हेच सांगते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, अनेकजण जखमी झाले. सूड घेण्यास उत्सुक असलेल्या आपल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले. परंतु आवरणे म्हणजे विसरणे नव्हे. हल्लेखोरांवर खटला चालला आणि जून १९२७ मध्ये त्यांतील काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. हात उचलावयाचा नाही, पण दाद सोडावयाची नाही, हा तो मार्ग आहे.

आपले कर्तव्य

कायदा उत्तम असूनही तो वापरणारा हात नसेल तर तो ग्रंथालयात राहतो. यास्तव प्रत्येक विहाराने, निदान मोठ्या वस्तीतील प्रत्येक विहाराने, पुढील कामे आपली मानावीत असे आम्ही सुचवितो.

घटना घडताच पीडितासोबत पोलीस ठाण्यात दोन जाणती माणसे गेली पाहिजेत. फिर्याद पीडिताच्या शब्दांत लिहिली जावी, ती वाचून दाखविली जावी आणि मगच सही व्हावी. जातिवाचक उल्लेख, बहिष्काराची धमकी, पूर्वीचा वाद हे सर्व त्यातच यावे. फिर्याद घेण्यास नकार मिळाल्यास लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, पुणे शहरात पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठांकडे पाठवावी, आणि त्यानंतरही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणे हाही या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे, हे लक्षात ठेवावे.

जामिनाच्या तारखेची चौकशी स्वतः करावी आणि त्या दिवशी पीडिताचे लेखी म्हणणे न्यायालयात द्यावे. धमकी आल्यास ती तोंडी सांगून न थांबता विशेष न्यायालयाकडे अर्ज करावा. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. अर्थसाहाय्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा करावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी होणे नियमाने आवश्यक आहे, ती झाली काय आणि तीत आपले प्रकरण आले काय, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते. मात्र ती घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते, आणि आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, हे ध्यानी असू द्यावे.

आणि सर्वांत सोपे, परंतु सर्वांत अधिक टाळले जाणारे काम म्हणजे सोबत. साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर पीडित एकटा बसलेला असतो. समोर आरोपीकडची वीस माणसे उभी असतात. निषेधाच्या मोर्चाला हजार माणसे येतात, पण चार वर्षांनी निघालेल्या तारखेला एकही येत नाही, हा आमचाही अनुभव आहे आणि त्यात आमचाही दोष आहे. त्या बाकावर त्याच्या शेजारी आपल्यापैकी दोघे बसले, तर त्या दिवशीची साक्ष कदाचित वेगळी होईल. शासनाने आपले कर्तव्य करावे म्हणून आपण अवश्य झगडावे. परंतु पुढच्या तारखेला कोण जाणार, हे येत्या रविवारी वंदनेनंतर ठरवावे.